ती वेळ आणि तो वेळ



'वेळेचे मोल' हा विषय आपणांपैकी प्रत्येकाने निबंधाच्या वहीत एकदा तरी हाताळलेला आहे. त्या निबंधाचा साचाही ठरलेला असे. वेळ म्हणजे पैसा, गेलेली वेळ परत येत नाही, थोर पुरुषांनी क्षणही वाया घालवला नाही, म्हणून आपणही घालवू नये. एवढे लिहिले की दहापैकी सहा गुण मिळत. ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिले आहे, ते आमचे गुरुजी मात्र अशा निबंधाखाली तांबड्या शाईने एकच प्रश्न लिहीत : 'कोणाचा वेळ?' त्या प्रश्नाचे उत्तर वहीच्या एका पानात मावण्यासारखे नव्हते. आज या निमित्ताने त्या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावा, असे मी योजिले आहे.

एका शब्दाची दोन लिंगे

प्रारंभ आपल्या भाषेपासूनच करू. मराठीत 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'गाडीची वेळ झाली' असे आपण म्हणतो, आणि 'गाडीला फार वेळ लागला' असेही म्हणतो. पहिली वेळ स्त्रीलिंगी, दुसरा वेळ पुल्लिंगी. 'वेळेवर या' आणि 'थोड्या वेळाने या' या दोन वाक्यांत सामान्यरूपही बदलते. बोलण्याच्या ओघात हा भेद कधी कधी मिसळतो हे खरे. परंतु घरात मराठी ऐकत वाढलेले मूल व्याकरणाचे पुस्तक न उघडता तो बहुधा अचूक पाळते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. 'ती वेळ' म्हणजे ठरलेला क्षण : शाळा भरण्याची, मुहूर्ताची, औषध घेण्याची. 'तो वेळ' म्हणजे लांबी असलेला काळ : वाट पाहण्यात गेलेला, अभ्यासाला मिळालेला, आजाऱ्याजवळ बसून काढलेला. ती वेळ अनेकांनी मिळून ठरवलेली असते. तो वेळ मात्र प्रत्येकाच्या आयुष्याचाच तुकडा असतो. वेळेचा सदुपयोग म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या दोहोंचे नाते आधी समजून घेतले पाहिजे.

घटिकापात्रापासून घड्याळापर्यंत

आपल्या पूर्वजांनी अहोरात्राचे साठ भाग केले व प्रत्येक भागास घटिका म्हटले. घटिकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे. आजच्या मापाने घटिका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे आणि विपळ एका सेकंदाच्या निम्म्याहूनही लहान. दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा, एक मुहूर्त.

घटिका मोजण्याचे साधन अगदी साधे होते. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायचे. छिद्रातून पाणी आत शिरत जाई आणि भांडे भरले की ते बुडे. एक घटका भरली. मग ठोका देऊन ते पुन्हा रिकामे करून सोडायचे. 'घटका भरली', 'घटकाभर बसा', 'शेवटच्या घटका मोजणे' हे आपले वाक्प्रचार त्या पाण्यातून वर आलेले आहेत, आणि 'घड्याळ' हा शब्दही त्याच कुळातला. लग्नघरी जोशीबुवा घटिकापात्राकडे डोळे लावून बसत आणि घटका भरताच अंतरपाट दूर होई.

या साधनात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घटिकापात्र स्वतः होऊन चालत नाही. कोणीतरी जागे राहावे लागते. भांडे बुडाल्यावर पाहणाऱ्याचा डोळा लागला असेल, तर सगळ्या गावाची वेळ चुकते. म्हणजे सर्वांना वेळ कळावी म्हणून कोणा एकाने आपला वेळ दिलेला असे. हल्लीच्या घड्याळामुळे हा माणूस दिसेनासा झाला आहे. परंतु शाळेची घंटा देणारा शिपाई, रात्रपाळीची परिचारिका, स्थानकावरचा कर्मचारी यांच्या रूपाने तो आजही जागाच आहे.

वेळ हा एक करार आहे

आपण इंदूरकर या बाबतीत भाग्यवान आहोत. भारतीय ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांनी ज्या अवंतीवरून आपली मध्यरेखा नेली, ती उज्जयिनी आपल्याला हाकेच्या अंतरावर आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, मथुरा व वाराणसी यांच्याबरोबर तेथेही वेधशाळा उभारली. पुढे ती मोडकळीस आली आणि १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक. मी शाळेत गणित व भूगोल शिकवीत असताना विद्यार्थ्यांना तेथे वरचेवर घेऊन जात असे.

तेथील सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीची वरची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर बांधलेली आहे. तिची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर सरकते आणि तीवरून वेळ वाचता येते. मुले सावली वाचत, मनगटावरचे घड्याळ पाहत आणि विचारीत, ''सर, यंत्र चुकतंय का?'' मी म्हणे, ''दोन्ही बरोबर आहेत.''

याचे कारण असे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरून घेतलेली आहे. उज्जैन त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेसात अंशांवर येते. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून उज्जैनची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असते. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे, खुद्द सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालताना दिसत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो मध्यम वेळेच्या सुमारे सोळा मिनिटे पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास चौदा मिनिटे मागे. परिणामी, उज्जैनच्या माथ्यावर सूर्य येतो तेव्हा आपल्या घड्याळात नोव्हेंबरमध्ये बारा वाजून अकरा मिनिटे, तर फेब्रुवारीत बारा वाजून एक्केचाळीस मिनिटे झालेली असतात. आपल्या शहरात मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा, असे कधीच नसते.

मग बारा वाजले असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? केवळ सर्वांनी मान्य केले म्हणून. हा करारही फार जुना नाही. पूर्वी गावोगावची वेळ निराळी असे. आगगाड्या सुरू झाल्यावर हे चालेना, तेव्हा रेल्वेने मद्रासची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली. पण ती सर्वांनी आनंदाने स्वीकारली नाही. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे. घड्याळ पुढे सरकवले की गिरणीचा भोंगा तितका आधी वाजणार, म्हणजे कामगाराची झोप तेवढी कमी होणार. तेव्हा गिरणी कामगारांनी व नागरिकांनी विरोध केला. कलकत्त्याची जुनी वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईची तर १९५५ पर्यंत टिकून राहिली.

यावरून मला एवढेच सुचवायचे आहे की, 'ती वेळ' निसर्गाने दिलेली नाही. आपण एकमेकांना दिलेला तो शब्द आहे. म्हणून वेळ पाळणे हा घड्याळाचा मान ठेवणे नव्हे, तर माणसाचा मान ठेवणे होय. सभेला दोनशे श्रोते जमले आहेत आणि प्रमुख पाहुणे पंधरा मिनिटे उशिरा आले, तर आपण हसून सोडून देतो. हिशेब मात्र करून पाहावा. दोनशे माणसांची प्रत्येकी पंधरा मिनिटे म्हणजे पन्नास तास. कोणाच्या खिशातून पन्नास रुपये काढले तर ती चोरी ठरते; दोनशे आयुष्यांतून पन्नास तास काढले, तर त्याला आपण मोठेपणाचे लक्षण मानतो!

रोज अर्धे पान

आता 'तो वेळ', म्हणजे ज्याच्या त्याच्या स्वाधीन असलेला काळ, याकडे वळू.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण मला नेहमी उद्बोधक वाटते. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पाच खंडांचा. पहिला खंड १९३० साली आणि अखेरचा भाग १९६२ साली प्रसिद्ध झाला. पृष्ठे साधारण साडेसहा हजार. हे काम करणारा मनुष्य उच्च न्यायालयात वकिली करीत होता आणि मध्यंतरी दोन वर्षे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही होता. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

साडेसहा हजार पृष्ठे हा आकडा ऐकून आपण नमस्कार करतो आणि स्वस्थ बसतो. परंतु त्यास बत्तीस वर्षांनी भागून पाहा. वर्षाला सुमारे दोनशे पृष्ठे आणि दिवसाला अर्ध्या पृष्ठाहून किंचित अधिक. त्या अर्ध्या पृष्ठामागे वाचन किती, तळटिपा किती, पोथ्यांचा धांडोळा किती, हे मी विसरत नाही. काणे यांची विद्वत्ता आपल्यास साधणार नाही. त्यांचे अर्धे पृष्ठ मात्र आपल्यालाही पचनी पडेल. डोंगर पाहून ऊर दडपतो, पायरी पाहून दडपत नाही.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले आणि १९२५ पर्यंत तेथेच होते. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, प्रवासात बरोबर राहणे, असे ते काम; म्हणजे दिवसाचे तास दुसऱ्याच्या हुकमतीतले. तरीही शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून त्यांच्या रियासतीची मालिका उभी राहिली. निवृत्त झाल्यावर, ज्या वयात माणसे 'आता काय उरले?' म्हणतात, त्या वयात त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. आणि मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत पुरा केला, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते.

तिसरे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेस ठेवण्यात आले. तेथे त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. पण 'पाच महिन्यांत' हा शब्द फसवा आहे. लिहिण्यास पाच महिने लागले. विचार कित्येक वर्षे चालला होता. बाहेर असताना ज्याने प्रश्न मनात बाळगला, त्यालाच कोठडीतील एकांत उपयोगी पडला. नुसता रिकामा वेळ काही निर्माण करीत नाही. सेवानिवृत्तीनंतर वाचीन, सुटीत लिहीन, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

या तिघांत साम्य एकच. वेळ 'मिळेल' याची त्यांनी वाट पाहिली नाही. रोज एक तास म्हणजे वर्षाला तीनशे पासष्ट तास, आठ तासांचा दिवस धरला तर पंचेचाळीस दिवस! एवढी भरपगारी रजा कोणतीही कचेरी देत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक क्षण कामाला जुंपावा, असे माझे म्हणणे नाही. मुलांशी खेळण्यात, गाणे ऐकण्यात, ओट्यावर शेजाऱ्याशी बोलण्यात गेलेला वेळ वाया गेला, असे मी मानत नाही. ज्याने कामही होत नाही आणि विसावाही मिळत नाही, तो वेळ वाया गेला. हातातला फोन तासभर वरखाली सरकवून मनुष्य उठतो, तेव्हा तो ताजातवाना नसतो आणि काय पाहिले हेही त्याला आठवत नाही. अशा तासाला वाया गेलेला म्हणावे.

कोणाचा वेळ?

गुरुजींचा तांबड्या शाईतला प्रश्न येथे उभा राहतो. काणे, सरदेसाई, टिळक यांच्याजवळ वेळ थोडा होता, पण तो त्यांच्या मनाप्रमाणे वापरता येत होता. ज्याला आपला वेळ आपला म्हणता येत नाही, त्याला वेळेच्या सदुपयोगाचे प्रवचन काय कामाचे?

मुंबईच्या गिरण्या पूर्वी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामही वाढे. ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातील मागण्या पाहण्यासारख्या आहेत : आठवड्यातून एक दिवस सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. पगाराइतकीच वेळेची मागणी त्यांना निकडीची वाटली. एप्रिल १८९० मध्ये कामगारांची प्रचंड सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवारी उशिरापर्यंत लोळतो. तो रविवार कोणीतरी मागून घेतलेला आहे, हे क्वचितच आठवतो.

कारखान्यात ही गोष्ट कायद्याने झाली. घरात ती कोणी करायची? रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचावे. न्यायमूर्ती शिकवायला तयार होते, बुद्धी होती, इच्छा होती. पण घरातील कामे आणि वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सांभाळून त्यांना अक्षराअक्षरासाठी वेळ काढावा लागला. त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभे केले.

हे जुने झाले, असे म्हणून सुटका नाही. आजही नळाला पाणी पहाटे येत असेल, तर कोण उठते? आजाऱ्याजवळ रात्र कोण काढते? मुलाची परीक्षा आणि मुलीची परीक्षा एकाच दिवशी असेल, तर चहा ठेवायला कोणाला हाक जाते? 'हिला काय, घरीच असते' या वाक्याचा अर्थ असा की, तिच्या वेळेला आपण किंमत देत नाही. पुरुषाच्या पहाटेच्या शांत तासामागे पुष्कळदा घरातील कोणाची तरी त्याच्याही आधीची पहाट असते. वेळेचा सदुपयोग शिकवायचा तर पहिला धडा हा असावा : आपले काम आपण करून दुसऱ्याचा वेळ मोकळा करावा.

शाळेचा तास

शेवटी आपल्या शाळेकडे येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान आठशे आणि सहावी ते आठवीला एक हजार तासांचे अध्यापन सांगितले आहे. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. म्हणजे मूल शाळेच्या हाती येते ते त्याच्या वर्षाचा साधारण दहावा हिस्सा. हा हिस्सा इतका लहान आहे, म्हणूनच त्यातील प्रत्येक तास जपला पाहिजे. पंचेचाळीस मुलांच्या वर्गावर शिक्षक पाच मिनिटे उशिरा गेला, तर एकंदर पावणेचार तास गेले. गुरुजी हा हिशेब बोलून दाखवीत नसत. घंटेचा नाद विरण्याआधी ते वर्गाच्या दारात असत, आणि घंटा होताच वाक्य पुरे करून थांबत. पुढच्या शिक्षकाची मिनिटे त्यांनी कधी घेतली नाहीत. निबंधाच्या वह्या सोमवारी घेतल्या की गुरुवारी परत मिळत. 'तुम्ही लिहिलंत, मग मी वाचायला नको?' असे ते म्हणत. मुलांच्या वेळेची एवढी किंमत करणारा माणूस मुलांना पुन्हा वेळेवर उपदेश करीत नाही. त्याची गरजच उरत नाही.

उरलेले नऊ हिस्से मात्र घराचे आणि समाजाचे आहेत. महाराष्ट्राबाहेर मराठी टिकेल की नाही, याची चिंता आपल्या सभांतून वरचेवर व्यक्त होते. ती चिंता मलाही आहे. परंतु भाषा ठरावांनी टिकत नाही, ती वेळ दिल्याने टिकते. आजीने नातवंडाला मराठीत गोष्ट सांगितली, वडिलांनी जेवताना मराठीत विचारपूस केली, तर भाषा त्या वेळात राहते. तो वेळ कोणी दिला नाही, तर शाळेच्या एका तासिकेला ते ओझे पेलणार नाही.

म्हणून येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेला देणग्या द्याच. पण त्याबरोबर आठवड्यातून एक तास द्या. कोणी गणित समजावून द्यावे, कोणी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, कोणी ग्रंथालयातली पुस्तके झटकून लावावीत. वार आणि तास ठरवून मुख्याध्यापकांना सांगावा, आणि तो पाळावा. 'सवड मिळाली की येऊ' असे मात्र कृपा करून म्हणू नये. मुले वाट पाहत बसतात.